डब्बा जिता ठेवा

बसवराज कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूपुढं बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं काय बोललं?" मग ती जळालेली मोटर असो, इन्व्हर्टर असो, नाहीतर त्याचा स्वतःचा तो हिरवा डब्बा असो. मोटर काय बोलणार? पण तो विचारायचा, आणि विचारून झालं की आपल्या तोंडाकडं बघत बसायचा. "म्हंजे बंद पडायच्या आधी आवाज कसा होता, मिस्त्री? घरघर का टकटक? वास आला का? जवळ कोण होतं?" मयताच्या घरी गेलेला पाहुणा उशाशी बसलेल्याला विचारतो ना, तसं.

मी लातूरच्या एमआयडीसीत डाळमिलमधे मिस्त्री होतो. शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरनं विनाकारण हात उगारला, मी पाटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो, तो आलोच. पण पट्टा, पुली, बेअरिंग ह्यातलं मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं आणि आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी एका माणसाची तारीफ करणार आहे आणि मला ती सवय नाही.

बसवराज उदगीरचा. लिंगायत, घरचं भुसारचं दुकान. नांदेडला इंजिनियरिंग केलं, मग काही वर्षं बंगळूरला नोकरी केली आणि वडील गेल्यावर परत आला. दुकान धाकट्या भावाला दिलं आणि आपण हे डब्बे करायला लागला. बुटका, भरलेल्या अंगाचा. उदगीरहून मोटारसायकलवर यायचा, त्यामुळं कपाळावरची विभूती हेल्मेटनं पुसून अर्धी भुवईत आलेली असायची. मशीनवर वाकायच्या आधी गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारायचा आणि वरचं बटण लावायचा. उन्हाळ्यातसुद्धा. आमच्याशी मराठीत बोलायचा, डब्ब्याशी मात्र कानडीत. झाकण उघडून आधी त्याला हळूच म्हणायचा, "एनातो?" म्हणजे, काय झालं रे? मी एकदा म्हटलं, "त्येला मराठी येत न्हाई का?" तर म्हणाला, "येतंय. पण दुखणं सांगायचं म्हटल्यावर घरचीच भाषा लागती, मिस्त्री."

डब्बा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा लहानसा संगणक, वरून पत्र्याची पेटी. पेटी हिरवी, कारण दुकानाच्या शटरला आणलेला रंग उरला होता. डाळीतला काळा, किडका दाणा कॅमेऱ्यानं ओळखून हवेच्या झोतानं बाजूला उडवायचा, ते सॉर्टरचं काम. आणि त्या सॉर्टरला खालून वर माल पोचवायचा तो एलेव्हेटर, म्हणजे पत्र्याच्या उभ्या खोक्यात फिरणारा पट्टा आणि त्याला लावलेल्या वाट्या. हे दोन्ही डब्बा चालवायचा. आमच्याकडच्या लाईटीचं तुम्हाला सांगायला नको. गेली की सगळं बंद, आली की एकेका मशीनपाशी जाऊन बटणं दाबत हिंडायचं. मिलवाल्यांनी बसवराजला गळ घातली, की लाईट आल्यावर मशीननं आपलं आपण जिथं थांबलं तिथून सुरू व्हावं. त्यानं तसं करून दिलं. डब्ब्याला लहानशी बॅटरी लावली. लाईट गेली तरी डब्बा जागा राहायचा, आली की पट्टा पुन्हा ओढायला लावायचा. ह्या एका गोष्टीनं उदगीर, लातूर, मुखेड, नांदेड, सगळीकडं त्याचं नाव झालं.

पण डब्बा कधीकधी गोठायचा. दिवा लागलेला, पण हालचाल नाही. त्यावर माझा इलाज होता. मेन पाडायचा, डब्ब्याच्या बॅटरीची पिनही काढायची, तंबाखू मळायची, ती चांगली लागेपर्यंत बसायचं, मग पिन लावून मेन चढवायचा. डब्बा ताजातवाना होऊन उठायचा. मग दुपारी बसवराज यायचा, कारण मिलच्या मुनीमजींनी आधीच फोन केलेला असायचा. यायचा, वायर जोडून आपल्या लॅपटॉपमधे बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"मिस्त्री, परत पिन काढली?"

"काढली. अर्धवट इसावा काय कामाचा? चालू हाय बगा तुमचा डब्बा. उगं आलाव उदगीरहून."

"चालू हाय, पण डब्बा मेलता कशानं ते गेलं ना. तुमी त्याला जाळता, राख सावडता, आन् मंग डाक्टरला बोलावता. मी नाडी बघू कुणाची?"

"नाडी चालू हाय म्हटलं ना."

"ही नव्या जन्माची नाडी हाय, मिस्त्री."

असं बरेचदा झालं. मी काही पद्धत बदलली नाही. कुणी कारण सांगितल्याशिवाय मी बैलसुद्धा ह्या खुंट्याचा त्या खुंट्याला बांधत नाही. शेवटी एक दिवस तो माझ्यापुढं पोत्यावर येऊन बसला. फडक्यातली कडक भाकरी काढली, ती टक्‌ करून मोडली, शेंगदाण्याची चटणी मधे ठेवली. हे त्याचं नेहमीचं होतं. पहिला तुकडा समोरच्याला दिल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. म्हणाला, "आज समजून सांगतो. न्हाई पटलं तर खुशाल पिन काढा."

त्यानं सांगितलं ते असं. डब्बा मरतो तेव्हा मरता मरता दोन ओळी बोलतो, मी काय करत होतो आणि मला काय झालं. ते बोलणं लिहायला पूर्वी त्याच्या पोटात नखाएवढं एक कार्ड होतं. पण लिहिता लिहिता लाईट हाललेली असली की कार्डच नासायचं आणि मग डब्बा उठायचाच नाही. म्हणून त्यानं कार्डावर लिहिणंच बंद केलं. आता ते शेवटचं बोलणं डब्ब्याच्या चालू मेमरीत एका कोपऱ्यात राहतं. डब्बा पुन्हा उठतो तेव्हा सगळी मेमरी झाडून काढतो, फक्त तेवढा कोपरा झाडायचा नाही असं त्यानं शिकवून ठेवलेलं. बसवराज येऊन वायर जोडेपर्यंत ते बोलणं तिथं पडून राहतं. पण ह्या मेमरीचा जीव करंटात. करंट पुरता तुटला की झाडलेलं आणि न झाडलेलं सगळं सारखंच, कोरं.

मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आमच्यात माणूस गेला की जिथं त्यानं जीव सोडला तिथं पीठ पसरतेत. वर टोपलं पालथं घालतेत, जवळ दिवा ठिवतेत. ती जागा कुणी झाडत न्हाई. मागनं टोपलं उचलून बगतेत, पिठात पाऊल कशाचं उमटलंय. चिमणीचं हाय का वासराचं. म्हंजे कळतंय जीव कुठं गेला ते."

बसवराजचा हात भाकरीसकट थांबला. "मिस्त्री, हेच. मी बंगळूरला लई जणांला हे समजावलं, एवढ्या थोडक्यात कधी जमलं न्हाई."

"आन् मी काय करत होतो?"

"पिठावर झाडू."

डब्ब्याच्या बाजूला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की करंट न तुटता डब्बा नुसता उठून बसायचा. "ठार करू नका," तो म्हणाला, "खांदा हलवून उठवा." मी हो म्हटलं नाही. पण पुढच्या वेळेला बटण दाबलं. त्यानंतर बसवराज जाईल तिथं त्या कोपऱ्याला 'पिठाची जागा' म्हणायला लागला. नांदेडच्या मिलमधे कुणीतरी माझी ओळख करून देताना म्हटलं होतं, "हे पिठाच्या जागेवाले मिस्त्री." मला ते आवडलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्या पिठात उमटलेलं पहिलं पाऊल मला चांगलं आठवतं. डब्बा दर अमावस्येच्या आसपास गोठायचा. मिलमधे सगळ्यांचं एकमत, की अमावस्येला मशीन जड जातं. बसवराजनं हसून सोडून दिलं नाही आणि मानलंही नाही. तो म्हणाला, "बगू, शेवटचं काय बोलला." वायर जोडून वाचलं तर डब्ब्याची तक्रार अशी, की कुणीतरी एकच बटण दाबून धरलंय आणि सोडतच नाही. कोण दाबून धरणार? बसवराज मशीनपुढं मांडी घालून बसला. मग त्याला मशीनच्या तोंडावर वाळलेले पांढरे ओघळ दिसले. बोट लावून चाटलं. नारळाचं पाणी. आमच्याकडं दर अमावस्येला मशीनला नारळ फोडतात. मुनीमजी भाविक, ते नारळ मशीनच्या कपाळावरच फोडायचे आणि पाणी सगळं बटणांत.

मला वाटलं आता मुनीमजींचा अपमान होणार. मी बघायला तयार होऊन बसलो. पण बसवराजनं मुनीमजींना बाजूला बोलावलं आणि अदबीनं सांगितलं, "मुनीमजी, नारळ पायाशी फोडायचा असतोय. देवाच्या डोक्यावर कुणी फोडतंय का?" मुनीमजींनी विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाय. आमचंच चुकून राहिलं." मशीनच्या पायाशी एक दगड बसवला. अमावस्या हलकी झाली. कारण मुनीमजींना अजून माहीत नसेल.

त्याला ही खोड कुठून लागली ते एकदा त्यानं आपण होऊन सांगितलं. त्याचे वडील दुकानात बसल्या जागी गेले. तो बंगळूरला. आल्यावर विचारलं, शेवटचं काय बोलले? आई म्हणाली, पाणी मागितलं. दुकानातला गडी म्हणाला, काहीच बोलले नाहीत. शेजारचा म्हणाला, तुझं नाव घेतलं. "तिघंबी खरी माणसं, मिस्त्री. आन् तिघांचं तीन." एवढं बोलून त्यानं विषय बदलला. मग मलाच विचारलं, रेणापूरला तुमचा भाऊ असतो म्हणे, बोलणं नाही तुमचं. शेवटचं काय बोलणं झालं होतं? मी आठवायला लागलो आणि मला आठवेना. भांडण आठवलं, बांध आठवला, शब्द काही आठवेना. मी म्हटलं, "तुमी डब्बे बगा." पुढं मी रेणापूरला गेलो का नाही, हा माझा घरचा मामला आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

संक्रांत होऊन गेली होती, तुरीचा हंगाम भरात. आमच्या मिलमधे रुक्मिण म्हणून एक बाई होती. माझ्या खालोखाल तीच जुनी. कमी बोलणारी, पण बोलली तर भल्याभल्याला गप करणारी. एलेव्हेटरच्या बुडाशी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल, साचून पट्टा तुंबायचा. पट्टा थांबला की खालचं झाकण काढून हातानं चुनी ओढून काढायची, हे तिचं काम. त्या दुपारी पट्टा थांबला. तिनं झाकण काढलं, हात घातला. आणि पट्टा फिरला.

मी ओरडा ऐकला आणि मेन पाडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठनं स्वतःच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. गाडीत बसवेपर्यंत ती एकच बोलत होती, "पट्टा बंद होता. मिस्त्री, पट्टा बंद होता." रडत नव्हती. सांगत होती.

गाडी फाटकाबाहेर गेली तसे मुनीमजी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "चालत्या पट्ट्यात हात घातला तिनं. कुणीबी इचारलं तर हेच." हे सगळ्यांना पटलं. पटणारच. बटण कुणीच दाबलं नव्हतं, लाईट गेली नव्हती, मग बंद पट्टा फिरेल कसा? आणि चालत्या पट्ट्यात हात घातला म्हणजे चूक बाईची. आमच्या लायनीत त्याचा अर्थ सरळ असतो. बोटंही तिची गेली आणि कामही तिचंच गेलं. वर जन्मभर सगळी म्हणणार, वेंधळी होती.

मी बसवराजला फोन लावला. तो उदगीरला घरी होता. झालं ते सांगितलं. म्हटलं, रुक्मिण म्हणती पट्टा बंद होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिस्त्री, मेन पाडला ना तुमी?"

"पाडला."

"डब्ब्याचा दिवा?"

"बॅटरीवर लागलेला हाय."

"डब्बा जिता ठेवा. मी निघालो."

"काय हाय त्याच्यात?"

"मला ठाऊक न्हाई. पण जे हाय ते तिथंच हाय."

मी स्टूल ओढलं आणि डब्ब्यापुढं बसलो. बॅटरी जुनी झालेली. थोड्या वेळानं ती पीक पीक करायला लागली. मेन चढवावा तर पट्ट्याचा भरवसा नाही. त्या खोक्यात अजून रक्त होतं, आणि मेन पुन्हा चढवायला मिलमधे कुणी तयार नव्हतं. मुनीमजी दोनदा आले.

"मिस्त्री, ते कोकलून राहिलंय, पिन काढा त्याची."

"बसवराज येऊलालेत."

"त्येचं काय काम? बाईचा हात मशीनमधी गेला, डब्ब्यात न्हाई गेला. सरका."

"शेठला सांगू द्या, मंग सरकतो."

"शेठ दवाखान्यात हायेत."

"मंग येऊ द्या."

मुनीमजी मला ओळखून होते. गेले.

बसवराज आला तेव्हा पिकपिक सलग झाली होती. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. तसाच गुडघ्यावर बसला, लॅपटॉपला वायर जोडली. ह्या वेळी डब्ब्याला काही विचारलं नाही. मुनीमजी मागं येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बसवराज, इचार करा. बाईच्या दवापाण्याचं शेठ बगतेत, कुणी उघड्यावर टाकून न्हाई राहिलं तिला. पण त्याच्यात काही भलतं निघालं तर तुमचे डब्बे जिल्ह्यात कोण घेईल? दोन मिंटं थांबा नुसते. बॅटरी आपली आपण जाईल. तुमी तर काही केलं न्हाई."

बसवराजनं मान वर केली नाही. पडद्यावर ओळी आल्या. इंग्रजी, आकडे, मला त्यातलं काही कळत नाही. पण वाचणाऱ्याचं तोंड कळतं. त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसासारखं झालं. त्यानं ते लॅपटॉपमधे उतरवून घेतलं, दोनदा तपासलं, आणि मग हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. तेवढ्यात बॅटरी संपली. दिवा गेला.

"काय बोलला?" मी विचारलं. त्याचाच प्रश्न होता, पण त्या दिवशी तो मला विचारावा लागला.

तो मराठीतून, एकेक ओळ लावत बोलला. "डब्बा मेला. मेला म्हणून पट्टा थांबला. मंग ह्या बारीला गोठून राहिला न्हाई, आपला आपण उठला. उठल्यावर त्याला वाटलं लाईट गेली असंल. आदी पट्टा चालू होता, म्हणून त्यानं पट्टा परत चालू केला. मधी कुणीबी बटण दाबलं न्हाई." थांबला. "लाईट आल्यावर आपलं आपण सुरू व्हायचं, हे मी शिकवलं होतं त्याला. लाईट गेली होती का आपणच मेलतो, हे ओळखायचं शिकवलं न्हाई. बाई खरं बोलली. पट्टा बंद होता. माझ्या डब्ब्यानं फिरवला."

मुनीमजी म्हणाले, "ऐकायला हितं कुणी न्हाई, बसवराज."

"मिस्त्री हायेत."

"मिस्त्री आपला माणूस हाय."

मी म्हटलं, "मी कुणाचा माणूस हाय ते मला इचारून ठरवत जावा."

बसवराज तिथून तसाच दवाखान्यात गेला. मोटारसायकलवर मी मागं बसलो होतो. शेठपुढं आणि रुक्मिणच्या नवऱ्यापुढं त्यानं लॅपटॉप उघडला आणि हेच शब्द पुन्हा बोलला, एकही मऊ न करता. शेठ हुशार माणूस, त्यांनी मुनीमजींना फोन करून सांगितलं की बाईची चूक कुणी काढायची नाही. पुढची व्यवस्था शेठनं आणि बसवराजनं दोघांत बघितली. मग तो रुक्मिणच्या खाटेपाशी गेला. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "खरं बोललाव, बरं केलं. मला येडी ठरवून राहिले होते. पर त्यानं बोटं येतेत का?"

"न्हाई येत," बसवराज म्हणाला. मला वाटतं त्या वेळी आणखी जे काही बोलला असता ते खोटं झालं असतं.

त्यानंतर त्यानं सगळ्या मिलवाल्यांना फोन केले. माझ्या डब्ब्यात खोट आहे, मी येऊन काढून देईपर्यंत एलेव्हेटर त्याच्यावर चालवू नका. असं स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस ह्या धंद्यात मी दुसरा बघितला नाही. त्याचं बक्षीस त्याला लगेच मिळालं. नांदेडच्या एकानं सगळे डब्बे पोत्यात भरून एसटीच्या पार्सलनं उदगीरला परत पाठवले. काहींनी फोनवरच नातं तोडलं. मुखेडचा एक मिलवाला तर उलटा. म्हणाला, "आमच्याकडं कुणाचं काय झालंय? आपलं आपण सुरू होतंय तेच मला सोयीचं हाय, हात लावायचा न्हाई." बसवराज मुखेडला गेला, धूळ साफ करतो म्हणून झाकण उघडलं आणि ती सोय काढून टाकून आला. दोन दिवसांनी तो आमच्याकडं भाकरी खात बसला असताना त्या माणसाचा फोन आला. शिव्या आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होत्या. बसवराजनं फोन चटणीशेजारी ठेवला आणि जेवत राहिला. पलीकडचा दमला तेव्हा फोन उचलून म्हणाला, "शेठ, जेवलात का?"

पण रात्ररात्र झोपत नाही, असं त्याच्या भावानं मला सांगितलं होतं. अंगानं उतरला होता. सदऱ्याचं वरचं बटण लावलं तरी गळ्यापाशी जागा राहायची.

पुढं मी काम सोडलं, तो नांदेडकडं एका कारखान्यात लागला असं कळलं. आमची भेट नाही. मी फोन करत नाही आणि त्याला वेळ नसेल. त्याला मी शेवटचं नीट बघितलं ते आमच्याच मिलमधे.

रुक्मिण कामावर परत आली होती. शेठनं तिला निवडायच्या टेबलावर बसवलं, डाव्या हातानं दाणे निवडायची. पण एलेव्हेटरपाशी ती जाईना, आणि ती जाईना म्हणून दुसरी कुठलीच बाई जाईना. शेठनं सांगून बघितलं, मुनीमजींनी ओरडून बघितलं. माल पोत्यांत पडलेला, पट्टा उभा. बसवराज नवा डब्बा घेऊन आला. बसवला. मग बायकांपुढं उभा राहून सांगितलं, की आता डब्बा मेला आणि उठला तरी आपलं आपण काही फिरवणार नाही. उठला की आधी घंटा वाजवेल आणि थांबेल. पट्ट्याजवळ हे हिरवं बटण आहे, ते माणसानं हातानं दाबलं तरच पट्टा हालेल.

बायका जागच्या हालल्या नाहीत. रुक्मिण दाणे निवडता निवडता म्हणाली, "तवा बी डब्बा चांगलाच हाय म्हणत होतात की सगळे."

बसवराजनं मान हलवली. तिचं म्हणणं बरोबरच होतं. मग तो एलेव्हेटरपाशी गेला, पट्टा आधी चालू केला, चांगला वेगात फिरू दिला, आणि मला म्हणाला, "मिस्त्री, बारीक बटण दाबा." मी दाबलं. डब्बा मेला, पट्टा थांबला, डब्बा उठला, घंटा झाली, पट्टा उभाच राहिला. बायकांनी बघितलं. रुक्मिणनं बघितलं नाही.

त्यानं पट्टा पुन्हा चालू केला. बारीक बटण ह्या वेळी त्यानंच दाबलं, आणि पट्टा थांबल्याबरोबर खाली बसून झाकण काढलं, उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि हात आत घातला. दोन वाट्यांच्या मधे. डब्बा अजून उठायचा होता.

"हात काढा," मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. डब्बा उठला, घंटा झाली, पट्टा हालला नाही. तो हात तसाच ठेवून म्हणाला, "मिस्त्री, परत दाबा."

"मी दाबणार न्हाई."

"इश्वास न्हाई का?"

"इश्वास हाय का न्हाई ते माझं मी बगीन. बटण दाबणार न्हाई. शेठनं सांगितलं तरी न्हाई."

मिलमधे दुसरी मशीनं चालू होती, पण मला आठवतं ते सगळं मुकं आठवतं. रुक्मिण उठली. पदर खोचला. डब्ब्यापाशी आली आणि त्याच्याकडं न बघता डाव्या हातानं ते बारीक बटण दाबलं.

दिवा गेला. डब्बा उठायला जितका वेळ लागतो तितका लागला. त्या वेळी तो कमी करायचं कुणाच्याच हातात नव्हतं. बसवराजच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळून नाकावर आली होती, पण पुसायला त्याचा दुसरा हात त्यानं उचलला नाही. तो पट्ट्याकडं बघत नव्हता. रुक्मिण बघत होती. वरच्या वाटीपासून खालच्या वाटीपर्यंत, एकेका वाटीकडं.

दिवा आला. घंटा वाजली. पट्टा जागचा हालला नाही.

बसवराजनं हात काढला नाही. ती सांगेपर्यंत तो काढणार नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. रुक्मिण थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वाकून तिनं बाजूला पडलेलं झाकण उचललं आणि तीन बोटांच्या हातात धरून त्याच्यापुढं केलं.

"काढा आता हात," ती म्हणाली. "माल खोळंबून राहिलाय."